नववीच्या मुलांसाठी इंग्रजी वाचन-साहित्य: संशोधन करत करत कसं घडवावं

पानशेतच्या पुरावर मी इंग्रजीत एक उतारा लिहिला होता. १२ जुलै १९६१ला धरण फुटलं, मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं, माणसं उंचावर पळाली, हे सगळं सोप्या वाक्यांत. पुण्यातल्या कितीतरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेला विषय, म्हणून तो भिडेल याची मला खात्री होती. मराठी माध्यमाच्या नववीतल्या एका मुलीला शेजारी बसवून तो वाचायला दिला. त्यात एक वाक्य होतं: ‘पीपल ऑन द बँक कुड नॉट स्विम अक्रॉस बिकॉज द करंट वॉज टू स्ट्राँग.’ तिने ते न अडखळता वाचलं. मराठीत सांग म्हटल्यावर म्हणाली, “बँकेतले लोक अडकले होते. पाण्यात करंट उतरला होता ना, म्हणून त्यांना पोहता येईना.”

तिचा अर्थ चुकला होता, पण तर्काला अगदी धरून होता. पुराच्या पाण्यात वीज उतरते हे तिला ठाऊक होतं. ‘बँक’ आणि ‘करंट’ हे दोन्ही शब्द तिच्या मराठीतले रोजचे, आणि मराठीत त्यांचा एकेकच अर्थ रुजलेला. ‘करंट वॉज टू स्ट्राँग’ हे उत्तर तिने पुस्तकी प्रश्नाखाली बिनचूक लिहिलं असतं आणि मी त्याला पूर्ण गुण दिले असते.

वाचन-साहित्य घडवण्याच्या संशोधनाकडे मी तेव्हापासून असंच पाहते. मूल मजकूर वाचून त्याच्या भाषेत काय सांगतं, ही आपली मूळ सामग्री. तक्ते, सूत्रं, तज्ज्ञांचे अभिप्राय त्यानंतर येतात. हा लेख इंग्रजीच्या शिक्षकांसाठी, एम.एड.च्या विद्यार्थ्यांसाठी आणि वस्त्यांमधल्या अभ्यासिकांत स्वतः वर्कशीट बनवणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे.

आधी प्रश्न छोटा करा

‘नववीच्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी वाचन-साहित्याचे विकसन’ हे प्रबंधाचं शीर्षक म्हणून चालेल, पण संशोधनाचा प्रश्न म्हणून ते फार मोठं आहे. प्रश्न असा हवा: मराठी माध्यमाच्या नववीतल्या मुलांना २५० शब्दांचा माहितीपर उतारा वाचताना सर्वनाम कोणासाठी आलंय हे ओळखायला आपले सराव-संच मदत करतात का? यात मूल कोण, मजकूर कोणता, कौशल्य कोणतं हे तिन्ही ठरलं आहे. एका वर्षात, एका शाळेत, एका माणसाला एवढंच झेपतं.

मार्गदर्शक ‘प्रतिमान कोणतं?’, म्हणजे कामाचे टप्पे कोणत्या नमुन्याने, असं विचारतातच. १९७४चं ‘फोर-डी’ हे परिभाषा, आराखडा, विकसन आणि प्रसार अशा चार टप्प्यांचं आहे. ‘ॲडी’मध्ये विश्लेषण, आराखडा, विकसन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन असे पाच टप्पे आहेत. बोर्ग आणि गॉल यांची संशोधन-विकसनाची दहा पायऱ्यांची मांडणीही पुष्कळ प्रबंधांत दिसते. एकट्या शिक्षकाला फोर-डी पुरतं असं माझं मत आहे. कोणतंही घ्या, पण टप्पे एका रांगेत संपत नाहीत हे वेळापत्रकात दिसू द्या. चाचणी झाली की पुन्हा आराखड्याकडे यावं लागतं, आणि त्यासाठी तीन-चार आठवडे राखून ठेवावे लागतात.

परवानग्या आणि शाळेचं वर्ष

मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या. पालकांचं संमतिपत्र सोप्या मराठीत, एका पानाचं करा. मूल नको म्हणालं तर त्याला सोडायचं, हे त्या पत्रातच लिहा. आवाज मुद्रित करणार असाल तर त्याची वेगळी परवानगी घ्या. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालची सगळीच बालकं ठरतात. नोंदींमध्ये नावांऐवजी क्रमांक वापरा, आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळी, कुलपात ठेवा.

पुण्यातल्या शाळेचं वर्ष आधी कागदावर मांडून घ्या. जून-जुलै निरीक्षणाला चांगले. फक्त पालख्या मुक्कामाला असतात ते दिवस वगळा. गणपतीपर्यंत पहिला मसुदा आणि तज्ज्ञांचे अभिप्राय व्हावेत. गणपती ते दिवाळी या काळात सत्र परीक्षा सांभाळून एकेका मुलाबरोबरची चाचणी बसते. वर्गातला मोठा प्रयोग दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्यावा, पण स्नेहसंमेलनाच्या आणि क्रीडास्पर्धांच्या तारखा शाळेकडून ऑगस्टमध्येच घेऊन ठेवा. दहावीचा वर्ग प्रयोगासाठी मागू नका. त्या मुलांच्या तासांवर बोर्डाचा हक्क असतो, आणि तो मान्य करावा.

गरज शोधायची तर पेन्सिलीच्या खुणा बघा

हचिन्सन आणि वॉटर्स यांनी १९८७मध्ये गरजेचे तीन भाग केले: अभ्यासक्रमाला काय हवं, मुलाला काय येत नाही, आणि मुलाला स्वतःला काय हवंसं वाटतं. पहिला भाग पाठ्यपुस्तक आणि प्रश्नपत्रिका समोर ठेवून दोन दिवसांत निघतो. मूल्यमापनाचा आराखडा आणि कृतिपत्रिकांचा नमुना बघा, न वाचलेल्या उताऱ्यावर कोणत्या प्रकारच्या कृती विचारल्या जातात त्यांची यादी करा. बालभारती सेनापती बापट रस्त्यावर आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद सदाशिव पेठेत, म्हणजे दोन्ही हाताशी आहेत. आधीचे प्रबंध बघायला विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहे.

दुसरा भाग अवघड. त्यासाठी माझी आवडती पद्धत म्हणजे जुनी पुस्तकं. आठवीपर्यंत अनुदानित शाळांत पुस्तकं मोफत मिळतात, नववीची घ्यावी लागतात, म्हणून ती वरच्या वर्गातल्या ताईदादांकडून किंवा अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून येतात. अशी दहा-बारा वापरलेली पुस्तकं जमवा आणि एकाच धड्यावरच्या पेन्सिलीच्या खुणा मोजा. खुणा तीन प्रकारच्या सापडतात. इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहिलेला असतो, म्हणजे मूल अक्षरओळखीपाशी अडकलंय. मराठी अर्थ लिहिलेला असतो, म्हणजे शब्दापाशी अडकलंय. आणि एखाद्या वाक्याला कंस घालून शेजारी ‘प्र. २’ लिहिलेलं असतं, म्हणजे मुलाने वाचन सोडून उत्तर शोधलंय. बारा पुस्तकांत एकाच ओळीवर सात-आठ जणांनी उच्चार लिहिला असेल, तर ती ओळ कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा जास्त सांगते.

मग चार-पाच तास वर्गाच्या मागच्या बाकावर बसा. घड्याळ लावून नोंदा: शिक्षक किती मिनिटं वाचतात, मोठ्याने वाचणारी मुलं कोण, आणि प्रत्येक मूल मनात, स्वतःसाठी, किती मिनिटं वाचतं. ३५ मिनिटांच्या तासात हा शेवटचा आकडा बघून शिक्षक स्वतःच चकित होतात.

मुलांना ‘इंग्रजीत काय अवघड जातं?’ असं विचारू नका. ‘ग्रामर’ असं ठरलेलं उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, ‘काल शाळेबाहेर शेवटचं इंग्रजी काय वाचलंस?’ मग मोबाइलवरच्या गेमच्या सूचना, क्रिकेटचा धावफलक, बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर असं खरं वाचन पुढे येतं. गरजेचा तिसरा भाग इथे सापडतो, आणि उताऱ्यांचे विषयही.

पातळी ठरवण्यासाठी क्लोझ चाचणी

विल्सन टेलर यांनी १९५३मध्ये मांडलेली क्लोझ चाचणी आजही स्वस्त आणि उपयोगी आहे. सुमारे ३०० शब्दांचा, मुलांनी न वाचलेला उतारा घ्या. पहिलं वाक्य पूर्ण ठेवा. त्यानंतर दर पाचवा शब्द काढा आणि तिथे सारख्या लांबीची रेघ मारा. ५० जागा झाल्या की पुढचा मजकूर जसाच्या तसा ठेवा. मुलाने मूळचाच शब्द लिहिला तर गुण. एका शब्दाचे दोन टक्के. बोरमुथ यांच्या अभ्यासातून रूढ झालेले निकष असे: साधारण ५७ टक्क्यांच्या वर मूल एकट्याने वाचू शकतं, ४४ ते ५७मध्ये शिक्षकाच्या मदतीने, आणि ४४च्या खाली मजकूर त्याला झेपत नाही.

हे निकष अमेरिकेतल्या मुलांवरून निघालेले आहेत. मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’सारखी उपपदं नाहीत, आणि ‘इन’, ‘ऑन’चं काम करणारे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाच्या नंतर येतात. त्यामुळे आपल्या मुलांच्या याच जागा आधी चुकतात, अर्थ कळत असला तरीही. म्हणून मी दोन बेरजा करते: नाम, क्रियापद, विशेषण यांच्या जागांची एक आणि या बारक्या शब्दांच्या जागांची दुसरी. पहिली बेरीज चांगली आणि दुसरी पडलेली असेल तर मुलाला आशय पोहोचतोय, आणि आपण त्याला लहान मुलांच्या गोष्टी देण्याचं कारण नाही. एकाच वर्गाला दोन उतारे देऊन तुलना करणं मला टक्क्यांच्या सीमारेषेपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

संगणकावर मिळणारी वाचनीयतेची सूत्रं, उदाहरणार्थ १९४८चं फ्लेश सूत्र, वाक्याची लांबी आणि शब्दांतल्या सिलॅबलची, म्हणजे उच्चाराच्या तुकड्यांची, संख्या मोजतात. वीस उताऱ्यांतून पाच निवडायला ती चालतात. ‘बँक’ आणि ‘करंट’ त्यांना सोपेच दिसतात.

आराखडा: किती शब्द नवे?

बंगालमध्ये शिक्षकांचं प्रशिक्षण करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी मर्यादित शब्दांतली वाचनपुस्तकं तिथल्या मुलांसाठी केली, आणि १९५३मध्ये सुमारे २००० शब्दांची सर्वसाधारण यादी प्रसिद्ध केली. त्या धर्तीच्या आणखी अद्ययावत याद्या आज मिळतात. पुढे हू आणि नेशन यांनी २०००मध्ये दाखवलं, की कोणाच्या मदतीशिवाय समजून वाचायचं तर मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे ३०० शब्दांत सहाच नवे. शिक्षक शेजारी असताना ९५ टक्के, म्हणजे पंधरा नवे, असं धरून चालता येतं.

यादीला एक भर आपल्याला घालावी लागते: मराठीत आलेले, पण इथे एकाच अर्थाला चिकटलेले इंग्रजी शब्द. बँक, करंट, पेपर, प्लेट, गॅस, टेन्शन, बिल, स्टँड. यांतला कोणताही शब्द उताऱ्यात दुसऱ्या अर्थाने आला तर तो नवा शब्द म्हणूनच मोजा. ओळखीचा चेहरा आणि अनोळखी अर्थ असलेला शब्द अनोळखी शब्दापेक्षा जास्त फसवतो, कारण मूल तिथे थांबत नाही आणि विचारतही नाही.

आराखड्यात बाकी लिहायचं ते असं: उताऱ्यांची संख्या, लांबी, प्रकार, प्रत्येक उताऱ्यातलं लक्ष्य-कौशल्य, प्रश्नांचे प्रकार. एक पान पुरतं. दुसऱ्याचा मजकूर घेताना हक्क तपासा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क असतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत, श्रेय देऊन त्या वापरता आणि बदलताही येतात.

मसुदा आणि प्रश्न

हा मराठी उतारा वाचा: ‘सांजट गुरमाने दोन वेळा लिबडा टकोरला.’ आता सांगा, गुरमाने काय टकोरला? किती वेळा? गुरमा कसा होता? तिन्ही उत्तरं तुम्हाला आली, आणि वाक्याला अर्थच नाही. आपल्या कितीतरी आकलन-प्रश्नांची हीच गत आहे. प्रश्नातले शब्द उताऱ्यात शोधायचे आणि शेजारचं उतरवायचं. मसुद्यातला प्रत्येक प्रश्न या कसोटीवर घासा. जो प्रश्न निरर्थक वाक्यावरही सुटतो तो वाचन मोजत नाही. एखाददुसरा सुरुवातीला धीर यावा म्हणून ठेवा, बाकी काढा.

याच्या उलट चाचणीही घ्या. दहा मुलांना उतारा न देता फक्त प्रश्न द्या. चार पर्यायांतून अंदाजानेच पाव प्रश्न बरोबर यायचे. एखादा प्रश्न दहापैकी सहा-सात जणांनी सोडवला तर तो सामान्यज्ञानावर सुटतोय.

उत्तरं मराठीत लिहू द्यायची का, यावर पुष्कळ वाद ऐकले आहेत. माझं मत स्पष्ट आहे: वाचन तपासताना निदान अर्धी उत्तरं मराठीत घ्या. नाहीतर आपण मुलाचं इंग्रजी लेखन मोजतो आणि त्याला वाचन म्हणतो.

तज्ज्ञ

मसुदा तपासायला पाच जण घ्या: दोन प्रत्यक्ष नववीला शिकवणारे, एक भाषाशिक्षणातले, एक मूल्यमापन जाणणारे, आणि एक मराठीचे शिक्षक. मराठीचे शिक्षक जरूर असावेत, कारण मुलाच्या मराठीत काय रुजलंय हे त्यांना कळतं. लॉशे यांच्या १९७५च्या सूत्रात एखाद्या उताऱ्याला किंवा प्रश्नाला ‘आवश्यक’ म्हणणाऱ्यांच्या संख्येतून एकूण तज्ज्ञांची निम्मी संख्या वजा करून त्याच निम्म्या संख्येने भागतात. पाचांपैकी चौघे हो म्हणाले तर उत्तर येतं ०.६, आणि पाच तज्ज्ञांसाठीचा निकष जवळजवळ १ आहे. म्हणजे पाचही जणांचं एकमत लागतं. इतक्या कमी माणसांत आकड्यापेक्षा पाचवा नाही का म्हणाला ते महत्त्वाचं. त्याचं कारण लिहून घ्या. माझ्या पानशेतच्या उताऱ्याला सगळ्यांनी हो म्हटलं होतं, हेही इथे सांगायला हवं. अनुभवी वाचकाला ‘बँक’ खुपत नाही.

एकेका मुलाबरोबर बसणं

सगळ्या प्रक्रियेत सर्वांत जास्त वेळ इथे द्या. शिक्षकांना विचारून तीन मुलं निवडा: वाचनात मागे असलेलं, मधलं आणि पुढे असलेलं. प्रत्येकाला एकट्याला ४० मिनिटं. उताऱ्यातल्या प्रत्येक वाक्याला क्रमांक द्या. मूल एक वाक्य मनात वाचेल, मग मराठीत सांगेल. तुम्ही दुरुस्त करायचं नाही, मान डोलवायची नाही, ‘नक्की का?’ असंही विचारायचं नाही. फक्त ‘पुढे’. आपल्या चेहऱ्यावरून मुलं उत्तर ओळखतात, म्हणून मी समोर न बसता शेजारी बसते. सुरुवातीला सांगा की आज परीक्षा कागदाची आहे. वाक्य कळलं नाही तर चूक लिहिणाऱ्याची.

नोंदीचा तक्ता साधा ठेवा: वाक्य क्रमांक, मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, आणि अडचणीचा प्रकार. शब्द, वाक्यरचना, सर्वनाम, पार्श्वभूमी एवढे चार प्रकार पुरतात. माझ्या तक्त्यातली एक नोंद अशी आहे. वाक्य: ‘द बॉय हू सॉ द वॉटर फर्स्ट रॅन टू द टेम्पल.’ मुलगा म्हणाला, “पाणी पहिल्यांदा कोणी पाहिलं, असं विचारलंय.” ‘हू म्हणजे कोण’ हे पाठ असल्यामुळे ‘हू’ दिसल्याबरोबर त्याने वाक्याचा प्रश्न केला. मराठीत आपण ‘ज्या मुलाने आधी पाणी पाहिलं, तो देवळाकडे पळाला’ असं म्हणतो. ‘ज्या’ आणि ‘तो’ दोन्ही खुणा वाक्यात असतात. इंग्रजीत एकच आहे, आणि तीही प्रश्नासारखी दिसणारी. ही नोंद मिळाल्यावर मी एक अख्खा सराव-संच या रचनेवर केला.

नोंदींचे प्रकार तुम्ही आणि सहकाऱ्याने वेगवेगळे ठरवावेत आणि मग जुळवावेत. कोहेन यांचा कप्पा गुणांक, म्हणजे योगायोग वगळून दोघांचं किती जुळलं ते सांगणारा आकडा, काढता आला तर उत्तम, नाहीतर किती टक्के नोंदी जुळल्या तेवढं तरी लिहा.

दुरुस्ती करताना अवघड शब्द सरसकट काढू नका. ‘करंट’ मी ठेवला, पण आधी एक वाक्य घातलं: नदीचं पाणी फार वेगाने वाहत होतं, या करंटने झाडंसुद्धा ओढून नेली. ‘बँक’च्या आधी ‘रिव्हर’ जोडलं आणि काठावर उभ्या माणसांचं रेखाचित्र दिलं. पुढच्या मुलाने न विचारता ‘काठ’ म्हटलं. यानंतर आठ-दहा मुलांचा गट, आणि मगच पूर्ण वर्ग.

प्रश्नांची पारख आणि परिणाम

पूर्ण वर्गाची चाचणी झाली की प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी काढा. ४० पैकी २६ जणांचं बरोबर असेल तर ०.६५. मग प्रश्न पुढच्या आणि मागच्या मुलांत फरक करतो का हे बघायला एकूण गुणांनुसार वरची २७ टक्के आणि खालची २७ टक्के मुलं घ्या. ४०च्या वर्गात अकरा-अकरा. वरच्या गटात ९ आणि खालच्या गटात ४ बरोबर असतील तर फरक ५, भागिले ११, म्हणजे ०.४५. प्रश्न चांगला. ०.२च्या खालचा प्रश्न पुन्हा लिहा. उणे आला तर बहुतेक वेळा उत्तरसूचीतच चूक असते, ती आधी बघा.

परिणाम मोजताना पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीला एकच उतारा देऊ नका. समान पातळीचे दोन उतारे करा. अर्ध्या वर्गाला आधी पहिला आणि नंतर दुसरा, उरलेल्या अर्ध्याला उलट. तुलनेसाठी दुसरी तुकडी घ्या, कारण सहा आठवड्यांत मुलं शिकवण्यानेही सुधारतात. माझ्या एका प्रयोगात दोन्ही तुकड्यांतली मुलं एकाच शिकवणीला जात होती. तिसऱ्या आठवड्यात आमच्या सराव-संचांच्या झेरॉक्स दुसऱ्या तुकडीच्या दप्तरांत सापडल्या. तुलना तिथेच संपली, आणि अहवालात ते तसंच लिहावं लागलं. आता मी शिकवणीची चौकशी आधी करते, आणि तुलनेच्या तुकडीलाही तेवढ्याच वेळेचं दुसरं वाचन देते. प्रयोग संपल्यावर आपलं साहित्य त्यांनाही मिळतं. ते त्यांचं हक्काचं आहे.

टी-चाचणी म्हणजे दोन सरासऱ्यांतला फरक योगायोगाचा आहे का ते तपासणं; पूर्व-उत्तर गुणांसाठी जोडीतली टी-चाचणी एक्सेलमध्ये होते. दोन तुकड्यांच्या तुलनेसाठी प्रत्येक मुलाची वाढ काढून स्वतंत्र गटांची टी-चाचणी लावा. सरासरीबरोबर प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) द्या, आणि ज्या मुलांचे गुण घसरले त्यांच्यावर एक परिच्छेद लिहा. त्यांतल्या दोघातिघांबरोबर पुन्हा शेजारी बसून वाचा.

साहित्य दुसऱ्या शाळेला देताना प्रत्येक उताऱ्यासोबत शिक्षकांसाठी एक पान जोडा. उत्तरसूची खाली, आणि वर मुलं कुठे अडली त्याच्या नोंदी: ‘वाक्य ७. बँक. मुलं पैशांची बँक समजतात. आधी चित्र दाखवा.’ ‘वाक्य ११. हू. प्रश्न समजतात. ज्या-तो करून मराठीत सांगायला लावा.’ त्याखाली पाच-सहा ओळी मोकळ्या सोडा, आणि ओळींच्या डाव्या कडेला तारीख, इयत्ता आणि शाळेचं माध्यम लिहायला रकाना आखा. पुढच्या शिक्षकाच्या वर्गातली मुलं वेगळ्या शब्दावर अडतील, ती नोंद तिथे व्हायची आहे.